करडईच्या वाट्याला कंपनी का येत नाही?



मृगाच्या तोंडावर तालुक्याच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन उभे राहा. कपाशीच्या पाकिटांनी भिंतच्या भिंत झाकलेली दिसेल. नावे वाचता वाचता मान अवघडते. आता हस्ताचा पाऊस सरल्यावर त्याच दुकानात जा आणि करडईचे बी मागा. दुकानदार क्षणभर तुमच्या तोंडाकडे बघेल, मग मागच्या खोलीत जाऊन येईल आणि बहुधा मोकळ्या हाताने येईल.

गावोगावच्या सभांत मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, कंपन्या एवढे संशोधन करतात म्हणतात, मग आमच्या करडईवर, जवसावर, हुलग्यावर का करीत नाहीत?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असते, की कंपनीला गरिबाच्या पिकाचे काय पडले आहे! हे उत्तर अगदीच खोटे नाही. पण त्याने काही कळत नाही. तीच कंपनी, तेच शास्त्रज्ञ, तोच नफ्याचा हव्यास असताना कपाशीवर कोट्यवधी रुपये ओततात आणि करडईकडे पाठ फिरवतात, असे का? याचा हिशेब एकदा नीट समजून घेतला तर दुकानात पाकीट उचलताना आणि पुढाऱ्यापुढे मागणी मांडताना, दोन्हीकडे तो उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट खर्चाची. नवा वाण म्हणजे दोन झाडांचे लग्न लावले आणि वर्षात बाळ हाती आले असे नसते. संकर करायचा, त्यातून निवड करायची, पिढ्यामागून पिढ्या स्थिर करायच्या, मग ठिकठिकाणी चाचण्या घ्यायच्या. यात आठ-दहा वर्षे सहज जातात. शास्त्रज्ञांचे पगार, जमिनीचे भाडे, मजुरी हे सारे पहिल्या दिवसापासून चालू आणि उत्पन्न शून्य. शिवाय दहा वाणांवर मेहनत घ्यावी तेव्हा एखादा टिकतो. यासाठी बँक कर्ज देईल म्हणाल, तर बँक सातबारा बघते, यंत्र बघते, गोदामातला माल बघते. शास्त्रज्ञाच्या डोक्यातले ज्ञान तारण ठेवता येत नाही. तो उद्या दुसऱ्या कंपनीत गेला तर ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. म्हणून संशोधनाचा पैसा बहुतेक वेळा कंपनीला आपल्या चालू नफ्यातूनच काढावा लागतो. लहान कंपनी इथेच मागे पडते.

एवढा पैसा घालण्यापूर्वी कोणताही शहाणा माणूस विचारील, की झाड मी लावीन, पण आंबे कोण खाणार?

या प्रश्नाचे खरे रूप पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यात चला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन एक-दीड एकर. १९८३ साली ‘पटेल-३’ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशी काही वर्षे गेली. तांदूळ बारीक, भात चवीला चांगला, उताराही बरा. बाजारात धान गेले तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी एचएमटी घड्याळाचा मोठा दिमाख होता, व्यापाऱ्याने तेच नाव धानाला देऊन टाकले. पुढे एचएमटी तांदूळ विदर्भाबाहेर, पार छत्तीसगड, आंध्रापर्यंत पोचला. शहरातली माणसे आजही दुकानात तो नाव घेऊन मागतात. खोब्रागडे यांनी यानंतरही धानाचे आणखी वाण निवडून काढले. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१८ च्या जून महिन्यात ते वारले, तेव्हाही घरची गरिबी सरलेली नव्हती.

यात त्यांना कोणी फसवले का, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा आणि धानाचा स्वभाव बघा. धान स्वतःच्याच परागाने फळते. एका शेतकऱ्याने पायलीभर बी नेले की पुढच्या वर्षी त्याच्याकडे पोतेभर होते, आणि ते अगदी तेच असते. तो ते पाहुण्याला देतो, पाहुणा शेजाऱ्याला देतो. तीन-चार वर्षांत पंचक्रोशीभर तेच धान डोलते आणि निर्मात्याला पहिल्या पायलीचे पैसे मिळाले असतील तर मिळाले. गावाचे भले झाले, खाणाऱ्यांचे भले झाले, व्यापाऱ्यांचेही झाले. ज्याने डोळ्यांत तेल घालून लोंब्या निवडल्या त्याच्या पदरात मात्र कौतुक पडले. खोब्रागडे यांनी हे हौसेने केले. कंपनी हौसेवर चालत नाही.

गहू, हरभरा, सोयाबीन, मूग, उडीद, जवस ही सारी पिके याच स्वभावाची आहेत. करडईत थोडाफार परपराग जातो, पण घरचे बी वर्षानुवर्षे चालते. अशा पिकांवर सारे जग मुख्यतः सरकारी संशोधनावर अवलंबून राहिले, आणि आपणही. सोयाबीनचा जेएस-३३५ हा वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने दिला, १९९४ सालचा. मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनने जो पाय रोवला तो मोठ्या अंशी या एका वाणाच्या जोरावर. तो कोणा कंपनीने काढला असता तर दोनच वर्षांत त्याचे बी घराघरात झाले असते आणि तिसऱ्या वर्षी कंपनीला गिऱ्हाईक उरले नसते.

बी राखण्याचा, पेरण्याचा, आपसांत देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आपल्याला पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने, म्हणजे २००१ च्या कायद्याने, दिलेला आहे. फक्त कंपनीच्या नाममुद्रेखाली ते विकता येत नाही. हा हक्क मोलाचा आहे आणि तो सोडू नका, असे मी प्रत्येक सभेत सांगतो. पण हेही समजून घ्या, की ज्या पिकात हा हक्क सहज वापरता येतो त्या पिकापासून कंपनी दूर राहते. दोन्ही गोष्टी एकाच नाण्याच्या बाजू आहेत.

मग कंपनीला असे पीक हवे, की ज्याच्या कोठाराला निसर्गानेच कुलूप लावले आहे. ते कुलूप म्हणजे संकरित बियाणे. संकरित बी पेरले की पहिल्या वर्षी जोमदार पीक येते; त्यातले दाणे राखून पुन्हा पेरले तर झाडे उंच-बुटकी होतात, रास घटते. म्हणजे दरवर्षी दुकान गाठणे आले. कायदा नको, वकील नको, पहारा नको.

हे कुलूप पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लागले ते अमेरिकेत, मक्याला. १९०८ च्या सुमारास जॉर्ज शल या शास्त्रज्ञाने संकराचे तत्त्व मांडले. पुढची पायाभूत कामे बहुतेक सरकारी केंद्रांवर झाली. १९२६ साली आयोवा राज्यात हेन्री वॉलेस या गृहस्थांनी संकरित मक्याचे बी विकण्यासाठी खास कंपनी काढली. हेच वॉलेस पुढे अमेरिकेचे कृषिमंत्री झाले आणि नंतर उपराष्ट्रपतीही. मक्याला वर तुरा आणि मधे कणीस, नर-मादी वेगळे. तुरे हातांनी खुडले की संकर सोपा. त्यामुळे बी स्वस्तात तयार होई आणि शेतकरी दरवर्षी विकत नेई. कंपन्यांनी मग आपल्या खिशातून संशोधन सुरू केले ते आजतागायत.

आता यातली खरी गंमत पुढे आहे. झ्वी ग्रिलिखेस नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली या मक्याचा हिशेब मांडला. आयोवात १९३६ ते १९४० या चारच वर्षांत संकरित मका दहा टक्क्यांवरून नव्वद टक्के क्षेत्रावर गेला. दक्षिणेतल्या अलाबामात तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी पोचला. लोक म्हणत, अलाबामाचे शेतकरी मागासलेले आहेत. (असे बोलणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत.) ग्रिलिखेसने दाखवले, की शेतकऱ्याआधी कंपन्यांनीच तिकडे जायला उशीर केला होता. आयोवात मैलोन्‌मैल मका, एका वाणाला हजारो गिऱ्हाइके. अलाबामात मका विरळ, जमीन-हवा निराळी. तिथे चालणारा वाण मुद्दाम वेगळा काढावा लागे आणि तो खपायचा थोडा. खर्च तितकाच, गिऱ्हाईक कमी. मग कंपनी कशाला जाईल? पुढच्या वर्षी त्याने आणखी एक हिशेब दिला. संकरित मक्याच्या संशोधनावर, सरकारी आणि खाजगी मिळून, खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे देशाला दर वर्षाला निदान सात डॉलर परत मिळत होते. त्यातला मोठा वाटा शेतकऱ्याला आणि धान्य खाणाऱ्याला गेला. म्हणजे समाजाला मिळणारे फळ मोठे, कंपनीच्या ताटात पडणारे त्यातले थोडे. आणि कंपनी खर्च करते ती आपल्या ताटाकडे बघून.

क्षेत्राचा हा नियम औषधांनाही लागू पडतो. कीडनाशकाचे एक नवे रसायन बाजारात आणायला जगातल्या मोठ्या कंपन्यांना २०१० ते २०१४ या काळात सरासरी २८ कोटी डॉलरच्या वर खर्च आला आणि अकरा वर्षे लागली. पेटंट वीस वर्षांचे. त्यातली बरीच वर्षे चाचण्यांतच जातात. उरलेल्या काळात पैसा वसूल करायचा तर नजर भातावर, मक्यावर, सोयाबीनवर, गव्हावर, कपाशीवरच जाणार. अंजिरावर किंवा सीताफळावर मारायला ‘लेबल क्लेम’ असलेले औषध तुम्हाला मिळत नाही आणि दुकानदार दुसऱ्याच पिकाचे पुढे करतो, त्यामागचे कारण हेच. औषध कदाचित चालेलही, पण ते त्या पिकावर तपासून त्याची नोंदणी करण्याचा खर्च कोणी केलेला नसतो.

आपल्या महाराष्ट्रात हे कुलूप जोंधळा, बाजरी आणि कपाशीच्या वाटेने आले. संकरित ज्वारीचा सीएसएच-१ हा वाण १९६४ चा, बाजरीचा एचबी-१ हा १९६५ चा, कपाशीचा संकर-४ हा सुरतच्या केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली दिलेला. हे तिन्ही सरकारी पैशातून झाले हे लक्षात ठेवा. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी बियाणे कंपनी काढली, आणि अशा कंपन्यांनी सुरुवातीला सरकारी संकरांचे बी तयार करून विकले. पुढे पैसा हाती आला तसे त्यांनी स्वतःचे संशोधनही उभे केले. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सरकारने विहीर खणली, कंपनीने मोट चालवली आणि पुढे पैसा झाल्यावर स्वतःची विहीर खणली, असा तो क्रम आहे.

कपाशीत दोन्ही गोष्टी जुळून आल्या. कुलूप होते आणि क्षेत्रही होते; एकट्या महाराष्ट्रात कपाशी चाळीस लाख हेक्टरच्या आसपास. एकेकाळी जिनिंगमधून सरकी आणून, शेणात घोळून पेरणारे आपण आता पाकिटाशिवाय कपाशी लावत नाही. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. दुसऱ्या कितीतरी देशांत बीटीचे जनुक सरळ वाणांतही घातले गेले. आपल्याकडे ते जवळजवळ सगळे संकरातच आले. का, ते आता तुम्हाला सांगायला नको.

सुरुवातीला ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या वर होते आणि त्यातला मोठा हिस्सा जनुकाच्या मालकीहक्कापोटी जाई. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले आणि पाकीट साडेसातशेवर आले. आपल्याकडेही दर उतरला. मग केंद्राने मार्च २०१६ मध्ये देशभरासाठी दर ठरवले. जनुकाचे शुल्क पाकिटामागे ४९ रुपये केले, २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये शून्य. दर उतरल्याचा आनंद आपल्या सर्वांना झाला, मलाही झाला. पाकिटामागे आठशे-हजार रुपये वाचणे ही कोरडवाहू घराला लहान गोष्ट नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००६ साली आलेल्या बीजी-२ नंतर कपाशीत नवे जनुक अधिकृतपणे शेतात आलेच नाही. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचा परवानगीचा अर्ज २०१६ साली कंपनीने मागे घेतला. गुलाबी बोंडअळी बीजी-२ ला पचवू लागली आणि २०१७ च्या हंगामात तिने आपल्याकडे कहर केला, तेव्हा नवे काही हाताशी नव्हते. तणनाशकाची कपाशी मात्र चोरवाटेने आली, बिल नाही, हमी नाही, उगवली नाही तर तक्रार कोणाकडे हे माहीत नाही.

सगळा दोष दरनियंत्रणावर टाकायला मी तयार नाही. परवानगीचे अडथळे होते, कोर्टकज्जे होते. बीटी वांग्याला ९ फेब्रुवारी २०१० रोजी सरकारने स्थगिती दिली. तो निर्णय योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, पण वर्षानुवर्षे चाचण्या झालेला माल दाराशी अडतो हे एकदा पाहिल्यावर बाकीच्या कंपन्या पैसा घालताना दहा वेळा विचार करणारच. आणि खुद्द कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नव्हत्या. तेच एक जनुक पन्नासाच्या आसपास बियाणे कंपन्यांनी घेतले आणि बाजारात बीटी संकरांची नावे हजारावर गेली. आतला जीव एकच, वरचे कपडे निराळे. पाकिटावर ‘रिसर्च’ असे मोठ्या अक्षरात छापलेले असते. माझ्या मते त्यातल्या पुष्कळांचा खर्च प्रयोगशाळेपेक्षा रंगीत फलकांवर आणि विक्रेत्यांच्या सहलींवर अधिक झाला असावा. जिथे सगळ्यांकडे एकच माल असतो तिथे स्पर्धा नावाची होते. एकच कंपनी मालक असली तर ती सुस्तावते, आणि नक्कल करणारे फार झाले तर नवे काढणाऱ्याला काही उरत नाही. मधल्या जागेत कुठेतरी संशोधन वाढते.

आपल्याला स्वस्त बी हवे आणि नवे बीही हवे. दोन्ही एकाच वेळी एकाच कंपनीकडून मिळणे अवघड आहे. एका हाताने दर दाबला तर दुसऱ्या हाताने सरकारी संशोधनात पैसा घातला पाहिजे. कपाशीत आपण पहिले केले आणि दुसऱ्यात हात आखडता घेतला.

कोणी म्हणेल, सरकारने कंपन्यांना कराची सवलत द्यावी म्हणजे त्या करडईवरही संशोधन करतील. सवलत देऊन झालेली आहे. २०१० पासून काही वर्षे कंपनीने मान्यताप्राप्त संशोधनावर शंभर रुपये खर्चले तर करासाठी दोनशेची वजावट मिळे. २०१७ पासून ती दीडशेवर आणली आणि २०२० पासून जेवढा खर्च तेवढीच ठेवली. अशा सवलतीने आधीच फायद्याचे असलेले संशोधन थोडे अधिक होते. जिथे गिऱ्हाईकच नाही तिथे ते उभे राहत नाही. उताराकडे वाहणारे पाणी पाट रुंद केल्याने जोरात वाहील, पण चढावर जाणार नाही. एकूणच आपल्या देशात संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांतले सुमारे ६४ पैसेच खर्च होतात, हा आकडा २०२०-२१ चा. आणि त्यातला खाजगी उद्योगांचा वाटा तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडाच अधिक.

उसाचे उदाहरण मात्र वेगळे आहे आणि मला ते फार आवडते. उसाचे बेणे म्हणजे कांडी. एकदा आणली की घरचीच. कुलूप नाही. म्हणून बियाणे कंपनी उसाच्या वाटेला जात नाही. को ८६०३२ हा २००० साली प्रसारित झालेला ऊस कोइमतूरच्या सरकारी संस्थेचा. पण उसात लाभ घेणारा दुसरा एक धनी आहे, तो म्हणजे कारखाना. वाण चांगला आला तर साखरेचा उतारा वाढतो आणि तो पैसा कारखान्याच्या तिजोरीत दिसतो. आता एकट्या कारखान्याने खर्च केला तर बेणे शेजारच्या कारखान्याच्या हद्दीत जायला एक हंगाम पुरतो. मग एकट्याने का करावे? म्हणून सहकारी कारखान्यांनी मिळून १९७५ साली पुण्याजवळ मांजरीला संस्था काढली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. सगळेच भागीदार झाल्यावर फुकट खाणारा कोण उरला? एकट्याला न परवडणारे संशोधन पंगतीला परवडले.

तुरीत याच्या उलट वाट धरून पाहिली गेली, म्हणजे कुलूपच तयार करण्याची. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने १९९१ साली आयसीपीएच-८ हा तुरीचा संकर दिला. अडचण अशी, की बीजोत्पादनात मादी ओळींतली जवळजवळ निम्मी झाडे परागवाली निघत. ती फुलोऱ्याच्या वेळी एकेक ओळखून उपटावी लागत. मजुरी परवडेना. शास्त्रज्ञ पुन्हा कामाला लागले आणि २०१० साली मध्य प्रदेशात आयसीपीएच-२६७१ हा सुधारित पद्धतीचा संकर प्रसारित झाला. एवढ्या वर्षांची ही खटपट जगातल्या देणग्यांच्या आणि सरकारांच्या पैशावर झाली. काम अवघड असले, यश कधी येईल याचा नेम नसला, की कंपनी बाहेर उभी राहून बघते. वाट सापडली की मग आत येते. मक्यात तसेच झाले, बाजरीत तसेच झाले.

आता करडईकडे वळू. करडईला कुलूप लागत नाही असे नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याची ‘नारी-६’ ही करडई दिली आणि बिनकाट्याचा संकरही काढला. म्हणजे शास्त्र अडलेले नाही. अडले आहे ते क्षेत्रावर. १९८० नंतरच्या दशकात देशात करडई नऊ-दहा लाख हेक्टरच्या घरात होती आणि त्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. आज देशातले क्षेत्र लाखाच्या आसपास घोटाळते आहे. काटे टोचतात म्हणून काढणीला मजूर येत नाही, मावा पडतो, आणि बाहेरून येणाऱ्या पाम तेलापुढे घाण्याच्या तेलाला भाव टिकत नाही. क्षेत्र घटले म्हणून संशोधनाला धनी नाही. नवा वाण नाही म्हणून एकरी उतारा वाढत नाही. उतारा वाढत नाही म्हणून क्षेत्र आणखी घटते. बैल घाण्याभोवती फिरावा तसे हे चालले आहे, फक्त घाण्यात करडई नाही.

यातून बाहेर पडायची एक फट दिसते, ती मजुरीची. हायामी आणि रुटन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली जपान आणि अमेरिकेची तुलना केली होती. जपानात जमीन महाग, म्हणून तिथे खताला प्रतिसाद देणाऱ्या भाताच्या वाणांवर अक्कल खर्च झाली. अमेरिकेत माणूस महाग, म्हणून यंत्रांवर. जी गोष्ट महागते ती वाचवण्याचे संशोधन होते. आपल्याकडे आता मजुरी महागली आहे. गव्हाचे कंबाईन करडईतही चालते आणि काट्यांना घाबरत नाही, हे मराठवाड्यात पुष्कळांनी पाहिले आहे. काढणीची अडचण सुटली तर हरभऱ्याच्या जोडीला, कमी पाण्यावर, रानडुकराच्या उपद्रवातही उभी राहणारी करडई पुन्हा काही रानांत दिसू लागेल. लाखाचे तीन-चार लाख हेक्टर झाले, तर कंपनीला बोलवायला जावे लागणार नाही.

तोवर करडईचा धनी एकच, तो म्हणजे विद्यापीठ. भीमा सोलापूरची, शारदा आणि परभणी कुसुम परभणीच्या. ही सारी नावे तुमच्या-माझ्या कराच्या पैशातून आली आहेत, आणि पुढचे नावही तिथूनच येईल, आले तर. विद्यापीठात पैदासकाराची जागा रिकामी राहिली तर त्याची बातमी होत नाही. कांद्याचा भाव पडला की आपण रस्त्यावर येतो, तसे कोणी या रिकाम्या खुर्चीसाठी येत नाही. दहा वर्षांनी न आलेला वाण कोणाला दिसतच नाही, मग त्याबद्दल ओरडणार कोण?

परभणीला साधारणपणे दरवर्षी १७ सप्टेंबरला विद्यापीठाचा रब्बी पीक मेळावा भरतो. तिथे विद्यापीठाचे बी विक्रीला असते आणि करडईच्या पिशव्या बहुधा दुपारपर्यंत संपतात, तेव्हा सकाळी लवकर पोचा. एकरी चार-पाच किलो बी पुरते. चर्चासत्राच्या मांडवात करडईचे शास्त्रज्ञ बसलेले असतात. त्यांना मर रोग आणि माव्याबद्दल तर विचाराच, पण पुढचा वाण कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्यावर काम करायला माणसे किती आहेत, हेही विचारा. आणलेले बी जपून केले तर दोन-तीन वर्षे चालते. पेरून उरले तर बांधावरच्या शेजाऱ्याला द्या.